जुन्या टाटा ४०७ टेम्पोचे नाजूक भाग घरच्या घरी कसे जपायचे? नाशिककडच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ४०७ सन २००१ ची. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत द्राक्षाचे क्रेट, मग लासलगावला कांदा, पावसाळ्यात पिंपळगावला टोमॅटो, मधूनच घोटी-इगतपुरीकडे खताच्या गोण्या. निफाडची काळी माती, दिंडोरीकडचे मळ्यातले रस्ते आणि कसारा घाट, तिन्हींचा मार तिने खाल्लाय. मी मिस्त्री नाही, गाडीचा मालक आणि चालक आहे. आडगाव नाक्याकडे एक गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्यासोबत गाडीखाली पडून जे शिकलो आणि स्वतःच्या गाडीवर करून पाहिलं, तेवढंच इथे लिहिलंय. मार्केटच्या रांगेत उभं असताना लोक जे विचारतात, त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी कुठल्या भागाला आडोसा द्यायचा?

आधी गाडी धुवा, वाळू द्या, गोणपाट टाकून खाली झोपा आणि बॅटरी मारून पाहा. जुन्या गाडीखाली सगळं काळं नाहीतर तांबडं असतं. त्यात एखादी जागा चकाकताना दिसली, तर तिथे काहीतरी घासतंय. पाईप चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) घासतो, वायर क्लॅम्पला घासते, सायलेन्सर हलून कशाला तरी लागतो. दगडाचा ठोसा कधीतरी बसतो, घासणं मात्र रोज चालू असतं. म्हणून आधी खडूने त्या चकाकणाऱ्या जागांवर खुणा करा.

माझ्या हिशोबाने आधी ब्रेकचे पाईप, मग इंजिनचं ऑइल चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं), मग डिझेलची टाकी आणि तिचे पाईप, मग बॅटरी आणि वायरिंग. बहुतेक जण सुरुवात बंपरपासून करतात, कारण तो दिसतो. बंपर वाकला तर गाडी घरी येते. ब्रेकचा पाईप गेला तर कसाऱ्याच्या उतारावर काय होईल, ते सांगायला नको.

ऑइल चेंबरखाली पत्रा लावायचा आहे. किती जाड, आणि कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याची किंमत मी मोजलेली आहे. दिंडोरीकडे एका मळ्यातून भरलेली गाडी बाहेर काढताना चाकोरीच्या मधला दगड चेंबरच्या ड्रेन नटाला, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या नटाला लागला. टक्कन आवाज झाला, मी लक्ष दिलं नाही. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ऑइलचा दिवा पेटला आणि इंजिन बंद करेपर्यंत मी आणखी थोडा पुढे गेलो होतो. तेवढ्यात बेरिंगं गेली, क्रँक उतरवावी लागली. गाडी महिनाभर उभी राहिली, तेही द्राक्षाच्या ऐन हंगामात.

आता पत्र्याचं. तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा पुरतो. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा साधारण पावणेनऊ किलो भरतो. पाच मिलिमीटरचा घेतला तर तोच साडेचौदा किलो होतो आणि ते वजन खड्ड्याखड्ड्याला बोल्टांना हिसके देत राहतं. जाड पत्र्यापेक्षा पातळ पत्र्याला दोन घड्या मारून घ्या. घडीने येणारी ताकद जाडीने येत नाही.

पुढची कड वर वळवलेली हवी, बर्फीच्या ताटाच्या काठासारखी. सरळ ठेवली तर ती दगडात नांगरासारखी रुतते. चेंबर आणि पत्रा यांच्यात किमान दोन बोटं मोकळी सोडा. पत्रा दगडाने वर दबणारच, आणि तो चेंबरला टेकलेला असेल तर ठोसा सरळ आत पोहोचतो. ड्रेन नटासमोर गोल भोक पाडा, पाना आरामात फिरेल एवढं, नाहीतर दर ऑइल बदलीला पत्रा उतरवावा लागेल आणि तिसऱ्या वेळी कंटाळून कोणी तो परत लावत नाही. मागची बाजू उघडी ठेवा आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. चेंबरला वारा लागला पाहिजे आणि आत आलेलं पाणी, माती खाली पडली पाहिजे.

पत्रा बांधायचा चॅसीच्या आडव्या मेंबरला, तिथे आधीपासून असलेल्या भोकांतून. चेंबरला किंवा गिअरबॉक्सला नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चॅसी वेगळी हलते. दोन्हींना एकाच पत्र्याने बांधलं तर काही दिवसांत पत्रा तरी फाटतो, नाहीतर चेंबरचे बोल्ट ओढले जातात.

बोल्ट सारखे ढिले होतात. सरळ वेल्डिंग करून टाकू का?

नको. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला ना भोक पाडायचं, ना टाका मारायचा. गाडीचा सगळा ताण त्या दोन पट्ट्यांवर असतो. तिथे दिलेला टाका पुढे चिरेची सुरुवात होतो, आणि ती चीर पत्र्याआड असल्यामुळे दिसतही नाही.

बोल्ट ढिले होतात कारण साधे नट वापरलेले असतात. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) घ्या, खाली जाड वायशर, आणि पत्रा व मेंबर यांच्यामध्ये जुन्या कन्व्हेअर पट्ट्याची (खडी क्रशरवरच्या जाड रबरी पट्ट्याची) चकती. नट आवळून झाला की नटावरून पत्र्यापर्यंत ऑइलपेंटची एक पांढरी रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता, नुसतं वाकून कळतं. ही युक्ती चाचांची, आणि मला गाडीतल्या कुठल्याही महागड्या वस्तूपेक्षा ती जास्त उपयोगी पडली आहे.

हौद्याच्या (माल भरायच्या भागाच्या) किंवा मडगार्डच्या पट्टीला टाका द्यायचाच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात. वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा. लांब कुठेतरी चॅसीला लावली तर करंट बेरिंगांमधून वाट काढतो. ठिणग्या ब्रेकच्या रबरी होजवर आणि कमानपाट्यांवर (गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) पडू देऊ नका. ओलं गोणपाट टाकून झाका.

ब्रेकच्या पाईपला काय गुंडाळायचं?

आपल्याकडे एक वेगळाच त्रास आहे, तो म्हणजे मांडवाची तार. द्राक्षबागेची डागडुजी झाली की जी.आय. तारेचे तुकडे बांधावर, रस्त्यावर पडून राहतात. चाक तारेच्या एका टोकावरून गेलं की दुसरं टोक उसळून वर येतं आणि प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) ते गुंडाळून घेतो. मोहाडीजवळ एकदा माझ्या गाडीखाली अशी तार अडकली आणि मागच्या ब्रेकच्या पाईपवर फटके मारत राहिली. नशिबाने मी लगेच थांबलो. पाईपवर नखाएवढ्या तीन खाचा पडल्या होत्या. पाईप बदलला.

त्यानंतर मी चॅसीच्या बाजूने जाणाऱ्या पाईपवर ठिबकची जुनी सोळा मिलिमीटरची लॅटरल (प्लॅस्टिकची नळी) उभी चिरून चढवली. ती घरात पडलेलीच असते, तारेचा फटका झेलते आणि घासू देत नाही. तीन गोष्टी मात्र पाळा. चिरलेली बाजू खाली ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. पाईपच्या जोडावर, युनियन नटावर लॅटरल चढवू नका, तिथे गळती लागली तर दिसली पाहिजे. आणि सायलेन्सरपासून वीतभर लांब ठेवा, कारण हे प्लॅस्टिक उष्णतेने ओघळतं.

चॅसीपासून एक्सलपर्यंत जो रबरी होज जातो त्याला काहीही गुंडाळू नका. तो वळला पाहिजे, हलला पाहिजे. त्याला बारीक भेगा दिसल्या किंवा कुठे फुगलेला वाटला तर नवा टाका. ब्रेकच्या लाईनला जोड, टेप, एम-सील असलं काहीच चालत नाही. पेडल मारल्यावर आत जो दाब येतो त्यापुढे असली मलमपट्टी टिकत नाही. या बाबतीत काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालतो, आणि घालतच राहीन.

टायरची जुनी ट्यूब सगळीकडे चालते ना?

पाण्याला, मातीला, घासण्याला ट्यूब उत्तम. बॅटरीखाली अंथरा, पॉझिटिव्ह टर्मिनलवर टोपीसारखी घाला, वायरिंगच्या बंडलाला पट्टी गुंडाळा, वायर पत्र्याच्या भोकातून जिथे जाते तिथे कडेला बसवा.

तेलाला मात्र ट्यूब चालत नाही. डिझेल किंवा ऑइल लागलं की ते रबर फुगतं आणि काही दिवसांनी चिंगमसारखं मऊ होतं. म्हणून डिझेलच्या पाईपचा जोड ट्यूबच्या तुकड्याने केला असेल तर तो आजच काढा. मीटरवर मिळणारा डिझेलचा होज आणि दोन क्लिपा घ्या. इंजिनच्या गरम भागाजवळ, सायलेन्सरवरही ट्यूब नको.

प्रोपेलर शाफ्टवर तर काहीच बांधायचं नाही, ट्यूब नाही, दोरी नाही, लिंबू-मिरचीची माळसुद्धा नाही. तो शाफ्ट तोलून बसवलेला असतो. एका बाजूला जराही वजन आलं की थरथर सुरू होते, मग क्रॉस (शाफ्टचा सांधा) जातो आणि मधलं बेरिंग जातं.

डिझेलची टाकी पाझरते. साबण लावलाय, पुरेसं आहे का?

घरी येण्यापुरतं. कपडे धुवायचा साबण ओला करून भेगेत दाबला की डिझेल बऱ्यापैकी थांबतं, हे खरं. मी स्वतः चांदवडहून आडगावपर्यंत असा आलोय. पण दुसऱ्या दिवशी टाकी उतरवा.

आणि कोणी म्हणालं, टाकी रिकामी करून एक टाका मारून देतो, तर हात जोडून नाही म्हणा. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि ती द्रव डिझेलपेक्षा घातक. पाण्याने विसळली तरी कोपऱ्यात राहतेच. टाकीचं काम टाकीवाल्याकडेच द्या किंवा दुसरी टाकी बघा. ४०७ रस्त्यावर १९८६ पासून आहे, तिची टाकी मिळत नाही असं होत नाही.

टाकी बहुतेक वेळा फुटते ती पट्ट्याखाली. तो लोखंडी पट्टा आणि टाकी यांच्यामधलं रबर झिजून गेलेलं असतं आणि तिथे ओली माती बसते. तिथे डिझेल सोसणाऱ्या रबराची पातळ फीत घाला. ट्यूब का नाही, ते वर सांगितलंच.

कांद्याच्या दिवसांत गाडी गरम होते. रेडिएटरला शेडनेट लावू का?

कांद्याच्या मार्केटमध्ये तासभर उभं राहून बघा. वारा सुटला की टरफलं पाखरांसारखी उडतात आणि चालू गाडीचा पंखा ती ओढून घेतो. पातळ, कोरडं टरफल रेडिएटरच्या पाकळ्यांवर असं चिकटतं, जणू कोणी कागद लावलाय. वारा बंद, गाडी गरम.

हिरवी शेडनेट टरफलं अडवते, पण वाराही अडवते. राहुड घाट किंवा कसारा घाट भरल्या गाडीने चढायचा असेल तेव्हा नेटची अडचण होते. मी मार्केटच्या आवारापुरती नेट लावतो, चार हुकांवर, आणि बाहेर पडताना काढून सीटमागे टाकतो. कायमची हवी असेल तर पिठाच्या चाळणीएवढी बारीक नको, वाल चाळायच्या चाळणीएवढी मोठ्या भोकांची तारेची जाळी घ्या. ती दगड अडवेल, टरफलं हाताने झटकावी लागतील.

झटकताना वारा किंवा पाणी इंजिनच्या बाजूकडून पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो. पाण्याचा जोर कमी ठेवा, पाकळ्या लगेच वाकतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे पोरांना निक्षून सांगून ठेवा. हीच टरफलं आणि वाळलेली पात सायलेन्सरच्या वरच्या खोबणीत साचतात, ती रोज काढा. गाडी पेटायला तेवढं पुरतं.

हौद्याचा पत्रा इतक्या लवकर का खातो? गाडी समुद्राकाठी तर नाही.

समुद्र नाही, पण आपण गाडीत काय वाहतो ते बघा. पोटॅश हे शेवटी क्षारच आहे. गोणी फुटली, दाणे फटीत गेले, पावसाळी हवेतलं पाणी त्यांनी ओढून घेतलं की पत्र्याला खारं पाणीच लागतं. सडलेल्या कांद्याचं पाणी त्याहून वाईट.

आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार. बोर्डो (बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण) करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला विळ्याची परीक्षा माहीत आहे. एक टक्का बोर्डोला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. विळा बुडवून काढला आणि त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. तो थर तांब्याचा असतो. तांबं विळ्यावर बसतं तेव्हा विळ्याचं लोखंड विरघळून पाण्यात जातं. हीच गोष्ट तुमच्या हौद्यात होते, जेव्हा मोरचुदाची पिशवी फुटते किंवा पिंप हिंदकळतं. निळा डाग पडलेल्या पत्र्यावर बोट फिरवून बघा, खरखर लागते.

म्हणून औषधं आणि खतं कायम ताडपत्रीवर ठेवा, ताडपत्रीच्या कडा वर वळवून. सांडलं तर त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा, फाळके उघडे टाकून वाळू द्या. हौद्यात रबर अंथरलं तर ते चिकटवू नका, खिळे मारू नका, सुटं ठेवा. खाली ओल राहिली तर रबरच पत्र्याचा घात करतं. दर आठवड्याला ते उचलून उन्हात टाका.

पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायचं का?

आमचे वडील मारायचे, मीही बरीच वर्षं मारलं. आता बंद केलं. ऑइलने लोखंडाला गंज कमी लागतो, पण ते कमानीच्या रबरी बुशांना, ब्रेकच्या होजला, माउंटिंगला लागतं आणि रबर फुगवतं. वर धूळ बसून असा जाड थर होतो की खाली चीर आहे की नाही दिसत नाही. शिवाय वापरलेलं ऑइल कातडीला घातक असतं, आणि आपण ते उघड्या हाताने मारतो, पुढे पावसात ते शेतात उतरतं.

त्याऐवजी तारेच्या ब्रशने खरवडून, पूर्ण वाळवून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा ऑइलपेंट. मेहनत जास्त आहे. एका वर्षी पुढचा अर्धा भाग, दुसऱ्या वर्षी मागचा, असं केलं तर झेपतं.

कमानपाटा तुटलाय, तारेने बांधून चालेल का?

गाडी रिकामी करा, तारेने किंवा साखळीने आवळा, वीसच्या वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. माल घेऊन नाही. पाट्याला वेल्डिंग कधीच नाही, पाणी देऊन कडक केलेलं पोलाद टाक्याशेजारीच पुन्हा मोडतं. यू-बोल्ट (पाटे एक्सलला धरणारे) नवे टाकले तर दोन-तीन खेपांनंतर भरल्या गाडीवर पुन्हा आवळा.

मडगार्डमध्ये काळी माती भरते, त्यावर काय उपाय?

मडगार्डला आतून जेवढ्या कमी पट्ट्या आणि कोपरे, तेवढी माती कमी धरते. मी जुना कन्व्हेअर पट्टा कापून मडफ्लॅप लावले. ते जड असतात, वाऱ्याने उडत नाहीत, आणि चाकातला दगड टेललाईटवर जात नाही. वर लोखंडी पट्टी देऊन तीन बोल्टांत धरा, नाहीतर भोकं फाटतात. माती ओली असतानाच काठीने पाडा. निफाडची माती रात्रभरात विटेसारखी होते, आणि मग चाक वळवताना ती ब्रेकच्या होजवर घासते.

पुढे जाड पाईपचा गार्ड लावला तर?

लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड लावणाऱ्यांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. कायदा सोडा, समोर मोटारसायकलवाला आला तर तो पाईप त्याला मारतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तिथेही अडचण येते. त्याच पैशात चांगली रेडियम पट्टी लावा, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. मागचा आणि बाजूचा लोखंडी अडसर दुरुस्तीसाठी काढला असेल तर परत लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. बाईक गाडीखाली जाऊ नये म्हणून तो असतो.

हे सामान मिळतं कुठे?

पूर्वी अंबड लिंक रोडला एक चक्कर मारली की सगळं मिळायचं. तो भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. आता पत्र्याचे तुकडे अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे मागा, कापून उरलेले तुकडे ते किलोवर देतात. कन्व्हेअर पट्टा विल्होळी-सारूळकडच्या खडी क्रशरवर विचारा. नट-बोल्ट मात्र भंगारातले घेऊ नका.

एकदा आडोसा लावला की किती दिवस बघायला नको?

असे दिवस नसतात. पहिला पत्रा लावला तेव्हा मीही निश्चिंत झालो होतो. त्याला खालून भोकं पाडलेली नव्हती. दोन पावसाळे गेले. एक दिवस ऑइल बदलताना चाचांनी पत्र्यावर हातोडी ठोकली आणि आवाज बद्द आला. पत्रा उतरवला तर आत घमेलंभर माती, त्यात गवत उगवलेलं. त्या मातीला टेकलेल्या आडव्या मेंबरवर चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, दाबलासुद्धा नाही, आणि तो बिस्किटात जावा तसा आत गेला. दगडाने त्या मेंबरचं इतक्या वर्षांत काही बिघडवलं नव्हतं.

आता दर खेपेला निघताना वाकून पांढऱ्या रेघा बघतो. दर ऑइल बदलीला पत्रा ठोकून आवाज ऐकतो. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकदा सगळे आडोसे उतरवतो, धुतो, सकाळच्या उन्हात भिंतीला टेकवून ठेवतो आणि उघड्या चॅसीवरून हात फिरवतो. पूजेचा हार गाडीला त्यानंतर चढतो. उतरवलेला एखादा पत्रा परत लावायला मन घेत नसेल, वाकलेला, कडा फाटलेला असेल, तर तो तसाच भंगारात टाकतो आणि नवा कापून आणेपर्यंत गाडी फक्त डांबरी रस्त्यावर चालवतो.